वॅगनची वाट पाहा

८ जून १९९७, रविवार. सकाळ

आजपासून रोजनिशी. ही कोणाला दाखवायची नाही. पण उद्या कोणी विचारलं की हे सगळं नेमकं कधी सुरू झालं, तर तारीख हाताशी असावी.

विषय भाईदासचा. त्याचं टीव्ही गेमचं पार्लर आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत. ओळीने टीव्ही, प्रत्येकाखाली गेमची एक जुनी पेटी, पेटीला दोन रिमोट, समोर पत्र्याच्या खुर्च्या. पोरं तासावर खेळतात. खेळायची, असं म्हणू. कारण समोरच रुपचंदने कॉम्प्युटर आणलेत, सीडीवरचे गेम, आणि सगळी पोरं तिकडे. भाईदासच्या पेट्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या. त्यांचे नवे गेम निघणं कधीच बंद झालंय, आणि जे आहेत ते पोरांना तोंडपाठ. पोरगं दारात उभं राहून विचारतं, नवं काय शे? भाईदास म्हणतो, येणार शे. कुठून येणार शे, हे त्यालाही माहीत नाही.

दिवाळीच्या सुटीत धंदा उठला नाही, तर पार्लर बंद करून त्याला धुळ्याला मेहुण्याच्या बारदानाच्या दुकानात बसावं लागणार. मेहुण्याने आतापासूनच नातेवाइकांत सांगून ठेवलंय, भाईदास आपल्याकडे येतोय, पोत्यांच्या थप्प्या लावायला. हे सांगताना भाईदास एक टीव्ही पुसत होता, आणि सांगून झाल्यावरही तोच पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, नवा गेम मी बनवतो.

जगात या पेटीसाठी आज कोणी गेम बनवत नाही. म्हणजे स्पर्धा शून्य. हे रुपचंदच्या लक्षात आलेलं नाही.

माझी पात्रता: शाळेत प्रयोगशाळा सहायक. घरी कीबोर्डवाली एक पेटी आहे, मुंबईहून जुनी आणलेली. तिच्यावर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतो आणि साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवता येतो. बेसिकचं पुस्तक अर्धं वाचून झालंय. उरलेलं अर्धं म्हणजे पहिल्याचाच विस्तार असणार.

रिलीज: १५ ऑगस्ट. स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आणि आपला गेम, एकाच दिवशी.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

९ जून

सात वाजले. काल संकल्प केला त्यामुळे झोप उशिरा लागली. पहिला दिवस धरायचा नाही.

१५ जून, रविवार

विषय ठरवणे. आधी अंतराळयुद्धाचा विचार केला. मग म्हटलं, जळगावच्या पोराला अंतराळात कोण ओळखीचं आहे? आपल्या मातीतलं पाहिजे. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर केळी लावली, कापली, वॅगनमध्ये भरून दिल्लीला पाठवली. लहानपणी मी स्टेशनवर ते बघायला जायचो. केवढी घाई, केवढा आरडाओरडा!

गेमचं नाव: केळी वॅगन. हमाल बैलगाडीतून घड उचलतो, धावत जाऊन वॅगनमध्ये टाकतो. गार्डाने हिरवी झेंडी दाखवायच्या आत वॅगन भरली पाहिजे. घड पडला तर मार्क कमी. साधं आणि थरारक.

भाईदासला सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, यात बंदूक शे का? मी त्याला समजावलं की बंदुकीचे दिवस गेले. त्याने मान डोलावली. त्याची बायको बेबाबाई चहा घेऊन आली होती, तीही ऐकत उभी होती. तिने विचारलं की पोरांना केळी भरायला आवडेल का. बायकांना तांत्रिक बाजू कळत नाही.

२२ जून

टीव्हीचा प्रश्न. बायको, सुगंधा, कलर टीव्ही द्यायला तयार नाही. तिच्या मालिका आहेत. मी म्हणालो, इकडे इतिहास घडतोय. ती म्हणाली, माळ्यावर घडवा, तिथे जुना ब्लॅक अँड व्हाईट आहे.

काही बिघडत नाही. रंगांना पुस्तकात नंबर दिलेले आहेत. नंबर माहीत असले की रंग बघायची गरज नसते.

६ जुलै

हमाल चालायला लागला! फक्त डावीकडे चालतो, पण काय चालतो! सुगंधाला बोलावून दाखवला. ती म्हणाली, हा चौकोन कोण? मी म्हणालो, हमाल. ती म्हणाली, त्याला पाय? मी सांगितलं की पाय दुसऱ्या आवृत्तीत.

१३ जुलै

उजवीकडे जात नाही. आठवडाभर प्रयत्न केला. शेवटी विचार केला, अडचण हमालाची नाही, वॅगनची आहे. वॅगन डावीकडे ठेवली. प्रश्न सुटला.

आता तो डावीकडून बाहेर जातो आणि उजवीकडून पुन्हा आत येतो. पृथ्वी गोल असल्याने यात चूक काही नाही.

२७ जुलै

लाईट गेली. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला नव्हता. पूर्ण गेला, हमालासकट.

आजपासून नियम: दर तासाला उतरवून ठेवणे.

२८ जुलै

पुन्हा गेला. तास व्हायचा होता.

१० ऑगस्ट

भाईदासने पार्लरबाहेर पेंटरकडून बोर्ड रंगवून लावला. लवकरच येत आहे, जळगावचा स्वतःचा गेम, १५ ऑगस्ट. लाल अक्षरं, बाजूला केळीचा घड, आणि घडावर वाघ. वाघ का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, पेंटरने तसाच काढून दिला, बरा दिसतो. पोरं बोर्ड वाचायला थांबतात. दोन पोरं रुपचंदकडून उठून नुसती विचारायला आली. बऱ्याच दिवसांनी भाईदास हसला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. शाळेत खुर्च्या मांडायची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे रिलीज होऊ शकलं नाही. इतक्या मोठ्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी लोकांचं लक्ष गेमकडे गेलंही नसतं. चांगलंच झालं.

नवी तारीख: पोळा. भाईदासने बोर्डावर कागदाची पट्टी चिकटवली.

१ सप्टेंबर, सोमवार. पोळा. गावाकडे

पेटी आणि लहान टीव्ही पिशवीत घालून एसटीने गावी आणले. नानांना दाखवायला. या विषयातला त्यांच्याएवढा जाणकार दुसरा कोण?

बैलांना पुरणपोळी चारून झाल्यावर नाना ओसरीवर बसले. चष्मा लावला. हमालाने पहिला घड वॅगनमध्ये टाकला आणि नाना उठून उभे राहिले. म्हणाले, काहून रे, हा मानूस घड फेकून राह्यला? याले कामावर कोनं ठेवलं? मी म्हणालो, नाना, गेम आहे, वेग पाहिजे. नाना म्हणाले, वेगानं टाकलेला घड दिल्लीले काळा पोचते. मंग भाव तू देशीन का?

मग खाली पाला कुठे आहे, असं विचारलं. वॅगनमध्ये आधी पाला अंथरतात. तो गेममध्ये नव्हता. खरं तर मला आठवायला पाहिजे होतं.

मग म्हणाले, वॅगन आधीच उभी कशी? वॅगन कधी आयती उभी राह्यली होती रे? सकाळी घड आणून फलाटावर ठेवायचे आणि वाट पाह्यची. कधी दुपारी येई, कधी दुसऱ्या दिवशी. सारा खेळ वाट पाह्यन्याचाच होता.

मी सगळं टिपून घेतलं. असा सल्ला मुंबईच्या कंपन्यांना मिळणार नाही.

पोळ्याला रिलीज शक्य नाही, कारण दर्जा. नवी तारीख: गणपती.

४ सप्टेंबर

सुधारणा पूर्ण. एक: हमाल आता घड टाकत नाही, हळूच ठेवतो. दोन: आधी पाला अंथरावा लागतो. तीन: वॅगन वेळेवर येत नाही. ती कधी येईल हे कॉम्प्युटर मनाशी ठरवतो. तोपर्यंत पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य येतं, वॅगन नाही, थांबा.

आज टेस्टिंगला बसलो. वॅगन आली नाही. जेवून आलो, तरी आली नव्हती. इतका खरेपणा मी आजवर कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीचं रिलीज दसऱ्यावर. मंडळाची वर्गणी, आरत्या, घरी पाहुणे. माणसाने करायचं तरी काय काय? भाईदासच्या बोर्डावर आता पट्टीवर पट्टी अशी जाडी झालीय की तारीख पुढे आलेली दिसते. त्याने आज विचारलं की भाऊ, होईल ना? मी जरा चिडूनच म्हणालो की विश्वास नसेल तर सांग. तो लगेच म्हणाला, तसं नहीं भाऊ. मग म्हणाला, मेहुण्याचा फोन आला होता. कधी येतो, विचारत होता.

मला आवडलं नाही. मेहुण्याचा स्वभाव.

२१ सप्टेंबर

रिलीज म्हटल्यावर प्रती पाहिजेत. वाल्मीकच्या दुकानात गेलो. तो गाण्याच्या कॅसेट भरून देतो, लग्नाच्या, भीमगीतांच्या, पोवाड्यांच्या. हात सफाईदार आहे. त्याला माझी मूळ कॅसेट दिली आणि एक पिशवी कोऱ्या. त्याने थोडी वाजवून ऐकली. आतून नुसती शिट्टी आणि खरखर, प्रोग्रॅम असाच ऐकू येतो. वाल्मीक माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, दादा, हे तुम्हीच गायलंय का?

२४ सप्टेंबर

प्रती मिळाल्या. एकही चालत नाही.

वाल्मीककडे जाब विचारायला गेलो. तो उलट खूश होता. म्हणाला, फार कर्कश होतं, म्हणून बेस वाढवला, थोडा एको टाकला, आता कानाला गोड लागतं. मी कपाळावर हात मारला. त्याने मोठ्या मनाने पुन्हा भरून देतो म्हणून सांगितलं, पण एको काढायला त्याचं मन होत नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार. देवपूर, धुळे

धुळे मार्केट पाहायला आलो. मुक्काम थोरल्या बहिणीकडे, सुमनअक्काकडे, देवपुरात. आजूबाजूला शाळा, कॉलेज. गिऱ्हाईकच गिऱ्हाईक.

इथल्या एका पार्लरवाल्याला कॅसेट दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की पेटीत ही घालायची कुठे. त्याच्या पेट्यांना गेमच्या जाड कॅसेटची खाच आहे, गाण्याच्या कॅसेटची नाही. मी म्हणालो, यासाठी कीबोर्डवाली पेटी लागते. तो म्हणाला, ती कोणाकडे असते? मी म्हणालो, माझ्याकडे. तो म्हणाला, मग तुमच्याकडेच राहू द्या.

धुळ्याचं मार्केट अजून तयार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

अक्काच्या कलर टीव्हीवर भाच्यांना गेम दाखवला. घड जांभळे, वॅगन गुलाबी, हमाल निळा. भाचे हसून हसून गादीवर लोळले. अक्का म्हणाली, लीलाधर, तुला लहानपणी कावीळ झाली होती, त्याचं तर नाही ना काही?

पुस्तकातल्या रंगांच्या तक्त्याची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. हा छपाईचा दोष. रात्रीतून केळी पिवळी करतो.

५ ऑक्टोबर

नाना डोळे तपासायला जळगावला आलेत. सुगंधाची मालिका संपल्यावर कलर टीव्हीवर गेम लावला. पिवळेधमक घड. नाना सुगंधाला म्हणाले, सूनबाई, हा माह्याच पोरगा ना? पिकलेली केळी वॅगनमध्ये कोन भरते? दिल्लीले काय सालटं पाठवतो का?

सुगंधा आत जाऊन तोंडाला पदर लावून हसत होती. मी पाहिलं.

मुद्दा मान्य. केळी हिरवी केली. पण मागे बाग हिरवी, पाला हिरवा, गार्डाची झेंडी हिरवी. आता घड दिसत नाही. नाना म्हणाले, बराबर आहे, बागेत असंच रायते, नजर पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

दसऱ्याला रिलीज झालं नाही. आज कारण लिहीत नाही. कंटाळा आला कारणांचा.

भाईदासला आपट्याचं पान द्यायला गेलो. पार्लरमध्ये एकच पोरगं होतं, तेही पावसाच्या चिखलात तुटलेली चप्पल शिवायला दोरा मागायला आलेलं. समोर रुपचंदच्या दारात सायकलींचा ढीग. भाईदासने पान कपाळाला लावलं आणि म्हणाला, भाऊ, दिवाळीची सुटी. त्याच्यापुढे नहीं जमणार. बेबाबाईला धुळ्याला जायचं नाही. पोरांची शाळा इथं शे.

मी शपथ घेतली. पाडव्याला रिलीज. इकडची दुनिया तिकडे झाली तरी.

१ नोव्हेंबर, पाडवा

रिलीज झालं!

पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. अर्धा तर अर्धा. माझी पेटी पार्लरमध्ये मधल्या मोठ्या कलर टीव्हीला जोडली. भाईदासने नवा शर्ट घातला होता. नारळ फोडला, बेबाबाईने टीव्हीला हळदकुंकू लावलं. पोरं दारापर्यंत दाटली होती. भाईदास मला म्हणाला की सुटीच्या पहिल्या आठवड्यात एवढी गर्दी त्याने दोन वर्षांत पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

टेपमधून प्रोग्रॅम चढायला जरा वेळ लागला. पहिल्यांदा चढला नाही. दुसऱ्यांदा चढला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर आलं: वॅगन नाही, थांबा.

पोरं थांबली. एकाने विचारलं, आता काय करायचं? मी म्हणालो, थांबायचं. वॅगन आल्यावर पाला अंथरायचा, मग घड ठेवायचे. त्याने विचारलं, मग? मी म्हणालो, मग दुसरी वॅगन. तो पाणी प्यायला बाहेर गेला. त्याच्यामागे इतरही गेले. थोड्या वेळाने सगळे रुपचंदच्या दारात दिसले. तिथे पाणी गार असावं.

एकूण चांगली सुरुवात.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज नाना तीन मित्रांना घेऊन गावाहून आले, पोराचं यंत्र दाखवायला. धोतरं, टोप्या, एक काठी. समोरच्या खुर्च्यांवर बसले. वॅगन नाही, थांबा, असं मी वाचून दाखवलं. चौघांनी माना डोलावल्या. एक म्हणाले, ओळखीचं वाटते. सगळे थांबले. तंबाखू मळली, पावसाच्या, भावाच्या गोष्टी निघाल्या. बऱ्याच वेळाने डावीकडून वॅगन सरकत आली तर चौघं एकदम ओरडले, आली आली!

रिमोटला कोणी हात लावला नाही. म्हणाले, बिघडायचं उगा, तूच कर. मी खेळलो, त्यांनी सूचना दिल्या. घड उभा ठेवायचा की आडवा, यावर दोघांचं जुंपलं. बेबाबाईने सगळ्यांना चहा दिला.

माझा गेम लोकांच्या काळजाला भिडलाय. दुसरं काय?

६ नोव्हेंबर

पार्लर भरलं! बसायला जागा नाही. नानांच्या मित्रांनी गावोगाव सांगितलं. बाजाराला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, दाताच्या डॉक्टरकडे आलेले, सगळे आधी इथे येतात. सावद्याकडून आलेले एक आबा तर डबा घेऊनच आले होते. बाकीच्या टीव्हींचा आवाज त्रास देतो म्हणून त्यांनी ते बंद करायला लावले.

भाईदासला म्हटलं, बघ गर्दी! तो म्हणाला, भाऊ, एकानेही तासाचं काही दिलं नाही. मी म्हणालो, मग माग ना. तो म्हणाला, आबा लोकांकडून कसं मागू? माझ्या बापाच्या वयाचे ते. आणि खेळत तर तुम्ही शात, ते नुसते बसतात.

हे खरं आहे. पण प्रसिद्धी ही काही लहान गोष्ट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

किरकोळ प्रकार. कोपऱ्यातल्या टीव्हीवर पाच-सहा पोरं आवाज बंद करून जुना गेम खेळत होती. घड-वॅगनचा वाद चालू असताना काठीवाल्या आबांची नजर तिकडे गेली. त्यांचा स्वतःचाच नातू! घरी सांगून इंग्रजीच्या क्लासला गेला होता. आबांनी त्याला कान धरून बाहेर काढला. मग इतरांनीही आजूबाजूला बारकाईने बघायला सुरुवात केली. आणखी एक नातू निघाला, आणि एक पुतण्या. उरलेली पोरं मागच्या दाराने पळाली.

एका अर्थी शिस्तच लागली.

९ नोव्हेंबर

पोरं दारातून डोकावतात, आत टोप्या दिसल्या की फुटतात. कोणाचा आजा कुठल्या खुर्चीवर असेल, काय नेम? आजोबा मंडळींनी आपसांत ठरवलंय की कोणाचंही पोर दिसलं तरी धरायचं, आपलं-परकं करायचं नाही. रुपचंदच्या पार्लरमध्ये आजोबा जात नाहीत. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं नाना म्हणतात.

माझ्या गेमला दिलेली ही मोठीच पावती. नानांनी आजवर माझ्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. आज चारचौघांत म्हणाले, पोरानं वॅगन बराबर काढली. मी बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

१४ नोव्हेंबर

भाईदासने विचारलं, भाऊ, गेम दोन दिवस बंद ठेवायचा का? मी चकित झालो. चालत्या गाडीला कोण खीळ घालतो? तरी त्याच्या समाधानासाठी सकाळी टीव्ही बंद ठेवला आणि लाईट नाही म्हणून सांगितलं.

मंडळी म्हणाली, असू दे, थांबतो. आणि थांबली. संध्याकाळपर्यंत. बंद टीव्हीकडे बघत. बेबाबाईला चहा तीनदा करावा लागला. साखर संपली तेव्हा ती भाईदासकडे नुसती बघत उभी राहिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुटी संपली. भाईदासशी हिशोबाचं बोलायला गेलो नाही. त्याचा मूड नसावा. मी दुसऱ्या गेमची तयारी सुरू केली आहे. विषय: कापसाचा लिलाव. वाट पाहायला भरपूर वाव.

२३ नोव्हेंबर, रविवार

भाईदासने पार्लर सोडलं. आज टीव्ही उतरवले. मी शिडी धरायला गेलो होतो. बोर्ड काढताना तारखांच्या पट्ट्यांचा गठ्ठाच हातात आला.

आजोबा मंडळी नेहमीप्रमाणे आली. दुकान रिकामं बघून म्हणाली, काय झालं? भाईदास म्हणाला, बंद केलं आबा. सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. एक म्हणाले, इतका चालता धंदा! माणसानं धीर धरायला पाहिजे. भाईदासने त्यांना वाकून नमस्कार केला. सामान टेम्पोत चढवायला त्यांनी मदत केली. टीव्ही उभे ठेवायचे की आडवे, यावर वाद झाला. माझी पेटी नानांनी स्वतः पिशवीत घालून मला दिली, खाली गवत अंथरून.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

भाईदास आज कुटुंबासकट धुळ्याला गेला. मी आणि सुगंधा स्टँडवर सोडायला गेलो होतो. बेबाबाई सुगंधाच्या गळ्यात पडून रडली. पोरांच्या दप्तरांवर अजून इथल्या शाळेचं नाव होतं. मेहुण्याचा निरोप आला होता की घ्यायला कोणी येणार नाही, सकाळी सरळ दुकानावर यावं, थप्प्या लावायच्या आहेत.

गाडी हलायच्या आधी मी खिडकीशी गेलो. म्हणालो, भाईदास, खचू नको. दुसरा गेम माझ्या डोक्यात तयार आहे. भाईदासने खिडकीतून माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, भाऊ, एक ऐकशात का माझं? तो गेम रुपचंदले द्या.

गाडी गेली. मला भरून आलं. घरी येताना सुगंधाला म्हणालो, काय मन आहे बघ माणसाचं! ज्याने धंदा बसवला, त्याचंही भलं चिंततो. उद्याच रुपचंदकडे जातो.

सुगंधा रस्त्यात थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्हाला खरंच नाही कळलं? मी म्हणालो, काय? कोपऱ्यावर एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती, सुगंधा तिच्याकडे मेथी निवडायला वाकली.

मी भाजीच्या पाटीसमोर उभा होतो. भाईदासचा हात किती घट्ट होता, ते आठवत होतो. आणि मग कळलं. सगळंच कळलं, पाडव्यापासूनचं. धंदा रुपचंदने बसवला नव्हता.

म्हातारीने मान वर केली. म्हणाली, भाऊ, जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक येऊ द्या.

मी बाजूला झालो.